बाजारभावाचं पेज मोबाईलवर अडकते, स्क्रोलच होत नाही, मदत पाहिजे

पांढरंसोनं (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. आमच्या गावातल्या सात-आठ कास्तकारांच्या पोट्ट्यांनी मिळून एक साधी वेबसाईट चालू केली, रोज संध्याकाळी आजूबाजूच्या बाजार समित्यांचे कापूस, सोयाबीन, तूर, चण्याचे भाव त्यावर टाकतो. आवक किती क्विंटल, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर, एवढंच. साईट एका जणाकडून पैसे देऊन बनवून घेतली होती, त्यानं आता फोन उचलणं बंद केलं म्हणून कोड मीच पाहून राहिलो. जावास्क्रिप्ट व्हिडिओ पाहून शिकलो, वाचता येते, बदलता येते, पण हे जे होऊन राहिलं ते माह्या समजण्याच्या बाहेर गेलं.

त्रास असा. पेज उघडलं की व्हॉट्सॲप गटात या म्हणून चौकट येते, ती बंद केल्यावर कधी कधी पूर्ण पेज दगडासारखं होते, बोट कितीही फिरवा, हालत नाही. रिफ्रेश केलं तरच सुटते. खालचं "वर जा" बटण दाबलं तर काहीच होत नाही. शेवटापर्यंत गेलं की मागच्या दिवसांचे भाव आपोआप यायचे तेही मागच्या महिन्यापासून बंद आहे. आणि साध्या फोनवर तर स्क्रोल इतकं जड की बोट पुढे जाते अन् पेज मागून येते.

गोष्ट लहान वाटते पण परवा माह्या मामानं गाडीत कापूस भरला, निघायच्या आधी धुऱ्यावर उभं राहून फोन काढला, पेज जाम. वर जेवढं दिसत होतं तेवढाच भाव वाचला, तो कालचा होता, आजचा दोन ओळी खाली होता. तिथं गेल्यावर कळलं की भाव उतरला आहे. एक दिवस थांबला असता नाहीतर दुसऱ्या बाजारात नेला असता. तेव्हापासून मला झोप नाही.

कोणी म्हणते स्मूथ स्क्रोलची लायब्ररी (दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड) टाक, सगळं ठीक होते. टाकू का?

नागनदी

भाऊ, लायब्ररी अजिबात टाकू नका. मी नागपुरात हेच काम करतो, दहापैकी आठ वेळा स्क्रोलचा त्रास ब्राउझरचा नसतेच, कोणीतरी मधात पडून ब्राउझरचं काम स्वतःच्या हाती घेतलेलं असते. वरून अजून एक लायब्ररी टाकली की दोघं मिळून बोट ओढतील.

आधी एकच गोष्ट शोधा, की पेजवर स्क्रोल नेमकं होऊन कोण राहिलं. आपल्याला वाटते विंडो होते, पण तसं नसू शकते. कन्सोल (ब्राउझरमधली कोड तपासायची जागा) उघडा, डॉक्युमेंटवर स्क्रोल इव्हेंटचा लिसनर, म्हणजे स्क्रोल झालं की चालणारा कोड, लावा, तिसऱ्या जागी ट्रू द्या म्हणजे कॅप्चर चालू होते, आणि आत फक्त इव्हेंट डॉट टार्गेट छापा. मग पेज बोटानं हलवा. डॉक्युमेंट छापलं तर ठीक. बॉडी किंवा एखादा डिव्ह (पेजच्या आतला डबा) छापला तर चोर सापडला. कॅप्चर लागतेच, कारण आतल्या एलिमेंटचा स्क्रोल इव्हेंट बबल होत नाही, वर विंडोपर्यंत पोचत नाही. फायरफॉक्स असेल तर इन्स्पेक्टरमध्ये स्क्रोल होणाऱ्या एलिमेंटच्या बाजूला तसा छोटा बिल्लाच दिसते.

आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पेज कसं दिसेल ते सांगणाऱ्या कोडमध्ये, ओव्हरफ्लो (जागेत न मावणाऱ्या मजकुराचं काय करायचं ते) शब्द कुठं कुठं आहे ते सर्च करून इथं सांगा.

पांढरंसोनं

केलं नागनदी भाऊ. बॉडी छापून आलं. प्रत्येक वेळी बॉडी.

ओव्हरफ्लो तीन ठिकाणी सापडला. एक माहाच आहे, मागच्या महिन्यात टाकलेला. मोबाईलवर टेबल रुंद होते म्हणून पूर्ण पेज आडवं डोलत होतं, तर कुठंतरी वाचलं होतं की एचटीएमएल आणि बॉडी दोघांनाही हाईट शंभर टक्के आणि ओव्हरफ्लो एक्स हिडन (आडवं बाहेर जाणारं लपव) द्या. दिलं, डोलणं बंद झालं, मी खूश. दुसरा त्या चौकटीच्या कोडमध्ये, चौकट उघडली की बॉडीला ओव्हरफ्लो हिडन करते. तिसरा फोटोच्या स्लायडरला.

नागनदी

घ्या, तुमचे चारपैकी दोन त्रास त्या एका नुस्ख्यातून आले.

काय होते ते नीट समजून घ्या, एकदा समजलं की आयुष्यभर कामात येते. बॉडीला दिलेला ओव्हरफ्लो साधारणपणे ब्राउझर उचलून पूर्ण व्ह्यूपोर्टला, म्हणजे स्क्रीनवर पेज दिसते त्या भागाला, लावते. पण एचटीएमएललाही ओव्हरफ्लो दिला तर व्ह्यूपोर्टला त्याचाच लागते आणि बॉडीचा बॉडीजवळच राहते. आता बॉडीला तुम्ही फक्त आडवा हिडन दिला, पण एक दिशा हिडन असली की दुसऱ्या दिशेचं व्हिजिबल आपोआप ऑटो होते, असा सीएसएसचा नियमच आहे. वरून हाईट शंभर टक्के, म्हणजे बॉडी स्क्रीनएवढी, आतला मजकूर दहा स्क्रीनचा. झालं, बॉडी स्वतःच स्क्रोल होणारा डबा झाली. विंडो जागची हालतच नाही, तिचं स्क्रोल वाय कायम शून्य. म्हणून विंडो डॉट स्क्रोल टू वालं "वर जा" बटण दाबून काही होत नाही, ते तर आधीच शून्यावर आहे. आणि जुने भाव आणणारा लिसनर विंडोवर कान लावून बसला आहे, तिथं आवाजच येत नाही.

त्या ओळी काढून टाका, दोन्हीकडून. आडवं डोलण्याचं मूळ टेबल आहे तर इलाज टेबललाच करा, त्याला एका डिव्हमध्ये टाकून त्या डिव्हला ओव्हरफ्लो एक्स ऑटो द्या.

संत्र्याची बाग

मोर्शीकडून. आमच्या रोपवाटिकेच्या साईटला मी हेच भोगलं आहे म्हणून लिहिते. दादा, टेबल डिव्हमध्ये टाकलं की तुमच्या टेबलची वरची ओळ, ज्यात आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त लिहिलं असेल, ती जर स्टिकी (स्क्रोल केलं तरी वर चिकटून राहणारी) असेल तर चिकटणं बंद होईल. स्टिकी आपल्या सगळ्यात जवळच्या स्क्रोल डब्याला चिकटते, आता तो डबा तो डिव्ह झाला, आणि डिव्ह उभा तर हालत नाही. मी दोन दिवस झेड इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल तो आकडा) वाढवत बसले होते, त्याचा काही संबंध नव्हता.

डिव्हला मॅक्स हाईट देऊन त्याच्या आतच उभं स्क्रोल करता येते, पण मोबाईलवर ते मला पटत नाही. बोट टेबलवर पडलं की टेबल हालते, बाहेर पडलं की पेज हालते, आमच्या बाबांना तर समजतच नव्हतं की आपण कुठं आहो. शेवटी मी मोबाईलवर कॉलमच कमी केले. रोपाचं नाव, वय, भाव एवढंच ठेवलं, बाकी दाबलं की उघडते. टेबल स्क्रीनमध्ये मावलं, डिव्हची गरजच राहिली नाही, स्टिकी पण परत आली.

फोटोंना विड्थ आणि हाईट लिहिली आहे का तेही पाहा. नसली तर फोटो येईपर्यंत ब्राउझर जागा धरत नाही, वाचता वाचता अचानक फोटो येते अन् ओळ खाली सरकते. आमच्याकडे शेतात टॉवर एक काडी असते, फोटो दहा सेकंदांनी येते, तेवढ्यात माणूस भलत्याच रोपाचा भाव वाचते.

पांढरंसोनं

ताई, तुमचं कॉलम कमी करायचं मला लय पटलं. गावात विचारलं, चार जणांपैकी चौघंही म्हणाले की आम्ही आवक आणि सर्वसाधारण दरच पाहतो, जास्तीत जास्त दर तर एखाद्याच ढिगाला भेटते.

त्या दोन ओळी काढल्या. "वर जा" चालते!! जुने भाव पण येऊन राहिले! महिनाभर त्या लिसनरचा कोड दहा वेळा लिहिला होता मी, आणि कोडमध्ये काही चूक नव्हतीच.

पण चौकट बंद केल्यावर जाम होणं तसंच आहे. आणि जडपणा पण.

झाडीपट्टीवाला

देसाईगंजकडून. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, सोबत ऑनलाईन फॉर्म भरून देतो, दिवसाला वीस-पंचवीस फोन हातातून जाते. लॅपटॉपवर विंडो लहान करून पाहणं म्हणजे मोबाईलवर पाहणं नव्हे. मामाचाच फोन घ्या. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा, डेटा केबलनं लॅपटॉपला जोडा आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये क्रोम इन्स्पेक्टचं पान उघडा. फोनमधलं पेज लॅपटॉपच्या टूलमध्ये दिसते, कन्सोल पण. केबल मात्र डेटावाली पाहिजे, नुसती चार्जिंगवाली असली की तासभर माणूस हैराण होतो, माझ्याकडे असे कितीतरी येतात.

चौकट कशी कशी बंद करता येते ते मोजा. फुलीवर दाबून, बाहेर दाबून, अन् फोनचं मागे बटण दाबून. माझा अंदाज, तिन्हीपैकी एकातच स्क्रोलचं कुलूप, म्हणजे बॉडीवरचं ते हिडन, निघत असेल.

पांढरंसोनं

अंदाज बरोबर निघाला भाऊ. फुलीवर दाबलं तरच बॉडीवरचं हिडन निघते. बाहेर काळ्या भागावर दाबलं की चौकट लपते पण कुलूप तसंच. मामा बाहेरच दाबते, कारण ती फुली इतकी बारीक आहे की त्याच्या अंगठ्याखाली येतच नाही.

नागनदी

ह्याच्यासाठी जावास्क्रिप्टनं कुलूप लावणं-काढणंच सोडून द्या. चौकट डायलॉग एलिमेंटमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या तयार चौकटीत) घ्या आणि शो मोडलनं उघडा. २०२२ च्या मार्चपासून तो क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हीत आहे. मग सीएसएसमध्ये एकच नियम लिहा, एचटीएमएलच्या आत ओपन असलेला डायलॉग असेल तर एचटीएमएलला ओव्हरफ्लो हिडन. हे हॅज सिलेक्टरनं होते. डायलॉग कुठूनही बंद झाला, की ओपन गेलं, की कुलूप आपोआप गेलं. विसरायला जागाच नाही. बाहेर दाबून बंद करायचं असेल तर क्लिकचा टार्गेट स्वतः डायलॉगच आहे का ते पाहून क्लोज म्हणा. फक्त डायलॉगला पॅडिंग शून्य ठेवा आणि मजकूर आतल्या डिव्हमध्ये टाका, नाहीतर चौकटीच्या काठावर बोट लागलं तरी ती बंद होईल.

जुन्या क्रोमला हॅज कळत नाही, १०५ च्या आधीच्याला. तिथं काय होईल? चौकटीच्या मागे पेज हालेल, बस. जाम होण्यापेक्षा ते लाख पटीनं बरं.

आयफोनवाले असतील तर बॉडीला पोझिशन फिक्स्ड करून उणे टॉप द्यायची एक जुनी युक्ती सगळीकडे सापडेल. ती करायची वेळ आलीच तर बंद करताना मूळ जागी परत न्यावं लागते, आणि सीएसएसमध्ये स्क्रोल बिहेव्हियर स्मूथ असेल तर पेज वरून खाली घरंगळत येताना दिसते. तुमच्या वाचकांत आयफोन किती असतील ते तुम्हीच पाहा.

आता जडपणा. टच मूव्ह (स्क्रीनवर बोट फिरलं की येणारा इव्हेंट) शब्द सर्च करा.

पांढरंसोनं

आयफोन आमच्याकडे एकाच जणाकडे आहे, तो पुण्याला राहते.

टच मूव्ह सापडला, स्लायडरच्या फाईलमध्ये. लिसनर पूर्ण डॉक्युमेंटवर आहे, त्यात पॅसिव्ह फॉल्स लिहिलं आहे, आणि आत बोट आडवं गेलं की प्रिव्हेंट डिफॉल्ट, म्हणजे ब्राउझरला त्याचं नेहमीचं काम करू न देणं. आणि स्क्रोलच्या लिसनरमध्ये प्रत्येक ओळीची जागा मोजून राहिला, गेट बाउंडिंग क्लायंट रेक्ट, सगळ्या ओळींवर. तीन महिन्यांचे भाव आहेत, म्हणजे चारशेच्या वर ओळी.

नागनदी

बरोबर, दोन्ही जागा हीच.

पहिली. टच मूव्हमध्ये कोणी प्रिव्हेंट डिफॉल्ट म्हणू शकते म्हटल्यावर ब्राउझरला थांबावं लागते. बोट हललं, आता हालवू का नको, जावास्क्रिप्ट काय म्हणते ते ऐकू दे, मग हालवतो. महागड्या फोनवर हे थांबणं जाणवत नाही. मामाच्या फोनवर जावास्क्रिप्ट दुसऱ्या कामात गुंतलेली असते, तेवढा वेळ पेज जागीच. म्हणूनच तर क्रोमनं २०१७ मध्ये, ५६ व्या आवृत्तीपासून, विंडो, डॉक्युमेंट अन् बॉडीवरचे टच लिसनर आपणहून पॅसिव्ह धरायला सुरुवात केली, आणि २०१९ मध्ये ७३ पासून माऊसच्या चाकालाही तेच लावलं. पॅसिव्ह म्हणजे मी अडवणार नाही असा शब्द दिला, तू खुशाल हालव. तुमच्या स्लायडरवाल्यानं पॅसिव्ह फॉल्स लिहून तो शब्द परत घेतला. फक्त ट्रू करून भागणार नाही, मग प्रिव्हेंट डिफॉल्ट चालत नाही अन् कन्सोलमध्ये इशारे येत राहतात. लिसनर डॉक्युमेंटवरून काढून स्लायडरवर आणा, प्रिव्हेंट डिफॉल्ट काढा, आणि सीएसएसमध्ये स्लायडरला टच ॲक्शन पॅन वाय द्या. त्याचा अर्थ, उभं हालणं ब्राउझर सांभाळेल, आडवं माझ्याकडे.

दुसरी. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ भेटते, त्यात तुम्ही चारशे ओळी मोजता. त्या मोजणीच्या मधात कुठं स्टाईल पण बदलत असाल तर प्रत्येक वेळी ब्राउझर पूर्ण मांडणी पुन्हा करते. ते सगळं फेका. शेवटच्या ओळीखाली एक रिकामा डिव्ह ठेवा आणि त्यावर इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर लावा. तो डिव्ह स्क्रीनजवळ आला की ब्राउझर स्वतः हाक मारते, मग जुने भाव आणा. रूट मार्जिन दोनशे-तीनशे पिक्सेल द्या म्हणजे माणूस शेवटाला पोचायच्या आधीच यायला लागतील.

कास्तकार यवतमाळ

मी कोडवाला माणूस नाही, पण हा धागा पहिल्यापासून वाचून राहिलो, कारण असल्या तीन-चार साईटी मी रोज उघडतो. बाबू, एक सांगतो, राग मानू नको. तुम्ही सगळे पेज चांगलं हालावं म्हणून मेहनत करून राहिले, पण आमाले पेज हालवाच काहून लागते? मी गाडीवर बसलेला असतो, एका हातात हँडल, उन्हात स्क्रीन दिसत नाही, हाताले कापसाच्या बोंडाचे काटे टोचलेले. मले आजची तारीख मोठ्या अक्षरात आणि आजचा भाव सगळ्यात वर पाहिजे. वर तुम्ही फोटो लावता बैलजोडीचे, त्याच्याखाली व्हॉट्सॲपचं, त्याच्याखाली भाव, तोही जुना आधी. आमाले बैल माहीत हाय, भाव दाखवा.

पांढरंसोनं

काका, राग कसला. तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि रात्री तसाच लॅपटॉप उघडला.

केलेले बदल सांगतो. स्लायडर काढूनच टाकला, त्यासोबत टच मूव्हही गेला. चौकट आता आपोआप येत नाही, खाली एक बटण आहे, ज्याला पाहिजे त्यानं दाबावं, आणि ती डायलॉगमध्ये आहे. वर आजची तारीख, खाली चार पिकांचे चार भाव, नवा दिवस वर जुना खाली. कॉलम तीनच, बाकी ओळीवर दाबलं की तिथंच उघडते. पिकांच्या नावांच्या लिंक वर ठेवल्या, कापूस दाबलं की कापसाच्या जुन्या भावावर जाते. त्यात एक अडचण आली, लिंकवरून गेलं की चिकटलेल्या पट्टीखाली कापूस हे शीर्षकच लपते. कसं करू?

संत्र्याची बाग

शीर्षकाला स्क्रोल मार्जिन टॉप द्या, पट्टीच्या उंचीपेक्षा थोडं जास्त. जावास्क्रिप्टनं वजाबाकी करत बसू नका, पट्टीची उंची फोनच्या अक्षरांच्या आकारानुसार बदलते आणि आपले लोक अक्षरं मोठी ठेवतात, म्हणून माप पिक्सेलमध्ये न देता रेममध्ये (अक्षरांच्या आकारासोबत बदलणारं माप) द्या.

आणि ओळीवर दाबलं की तिथंच उघडते हे फार छान केलं. वेगळ्या पेजवर नेलं असतं तर मागे आल्यावर परत सगळ्यात वर पडले असते, कारण तुमचे जुने भाव नंतर लोड होतात, ब्राउझर जागा आठवून ठेवते पण परत येते तेव्हा पेज तेवढं लांब झालेलंच नसते. आमच्याकडे त्यासाठी किती रोपं उघडली होती ते सेशन स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यात) जपून ठेवावं लागलं.

झाडीपट्टीवाला

मी पण उघडून पाहिलं, दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या फोनवर, दोन जीबी रॅमवाला, काच फुटलेला. आधी बोट अन् पेजात चांगलं हातभर अंतर पडत होतं, आता सोबत चालते. एक राहिलं, आवकेचे आकडे उघडायला दाबायची जागा बारीक आहे, फक्त बाणावर दाबावं लागते. पूर्ण ओळच दाबता येऊ द्या.

पांढरंसोनं

स्क्रोल मार्जिन दिलं ताई, पाच रेम, शीर्षक बरोबर पट्टीखाली दिसून राहिलं. पूर्ण ओळ दाबता येते असंही केलं भाऊ, सकाळी लाईन आल्यावर अपलोड करतो, आता इकडं अंधार आहे आणि लॅपटॉप नऊ टक्क्यांवर आहे.

पांढरंसोनं

अपलोड झालं. मामा आत्ता वेचणीवरून आला, त्याच्या हातात फोन दिला, काही सांगितलं नाही. त्यानं उघडलं, तारीख वाचली, कापसाचा भाव वाचला, फोन खिशात टाकला. स्क्रोल केलंच नाही. मी म्हटलं मामा खाली हालवून तर पाहा, तर त्यानं परत काढला, अंगठ्यानं खालपर्यंत नेलं, मागच्या आठवड्याचा भाव पाहिला, "वर जा" दाबून परत आला, आणि म्हणे आज नाही भरत गाडी, सोमवारी पाहू.